मोबाइल दाराबाहेर : ऑनलाइन सवयी आणि ख्रिस्ती भक्तिजीवन यांचा मेळ कसा घालावा

ख्रिस्ती माणसाने सोशल मीडिया वापरावा की नाही, यावर मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, पुष्कळ वाद होतो आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलेला असतो, कारण मंडळीच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, परगावी गेलेली मुले व्हिडिओ कॉलवर भेटतात आणि आजारी माणसे उपासना यूट्यूबवर पाहतात. प्रेषित पौलानेही दूरच्या मंडळ्यांशी पत्रांतूनच संबंध राखला होता; त्यामुळे दुरून साधलेला संपर्क म्हणजे कमी दर्जाची संगती, असे सरसकट म्हणता येत नाही. अडचण दुसरीकडे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टींबद्दल एकच सूचना देतो : त्या लोकांना दिसाव्यात म्हणून करू नका, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासमोर करा. ऑनलाइन जगात तर जे केले ते दाखवण्याची आणि दाखवले त्याला किती प्रतिसाद आला हे मोजण्याची सवय आपल्याला लागत असते. म्हणून वेळेचा हिशेब आवश्यक असला, तरी आपण जे करतो ते कोणासमोर करतो, हे तपासणे त्याहून अधिक आवश्यक आहे. पुढील मार्गदर्शन त्याच धाग्याने मांडले आहे.

सुरुवात आठवडाभराच्या निरीक्षणाने करावी, आणि त्या आठवड्यात कोणताही बदल करू नये. आयफोनमधील स्क्रीन टाइम आणि अँड्रॉइडमधील डिजिटल वेलबीइंग या सुविधांमध्ये रोजच्या वापराची नोंद आपोआप होते. त्यातील एकूण तासांचा आकडा पाहून दचकण्यात अर्थ नाही, कारण त्यात नोकरीचे काम, नकाशा आणि घरच्यांशी झालेले बोलणे हे सगळे मिसळलेले असते. फोन किती वेळा उचलला किंवा उघडला आणि उचलल्यावर सर्वांत आधी कोणते ॲप उघडले, या नोंदी अधिक बोलक्या असतात. त्यांच्या शेजारी वहीत तो प्रसंग लिहावा : काम होते, कोणाशी बोलायचे होते, की हात आपसूक तिकडे गेला? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने मोकळीक असलेल्या गोष्टींसाठी दोन कसोट्या दिल्या आहेत. ती गोष्ट हितकारक आहे काय, ही पहिली. आणि तिची आपल्यावर सत्ता चालते काय, ही दुसरी. पहिल्या कसोटीवर आपले बहुतेक ऑनलाइन व्यवहार सहज उतरतात. फसगत होते ती दुसरीवर. एखादे ॲप निर्दोष असूनही ते उघडल्याशिवाय आपल्याला दहा मिनिटे स्वस्थ बसता येत नसेल, तर त्याची दखल घ्यायला हवी.

प्रार्थनेची वेळ

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक प्रसंग आहे. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी आजाऱ्यांची दाराशी गर्दी झालेली असते, आणि दुसऱ्या दिवशी येशू मोठ्या पहाटे उठून अरण्यात जातो व तेथे प्रार्थना करतो. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधून काढतात आणि सगळे लोक तुमचा शोध करीत आहेत, असे सांगतात. ही मागणी खोटी नव्हती. गावात खरोखरच गरजू माणसे होती. तरीही येशू लगबगीने परत जात नाही, तर जवळपासच्या इतर गावांकडे जाऊ, असे म्हणतो. दिवसाची दिशा शोधणाऱ्यांनी ठरवली नाही, ती एकांतात ठरली होती. सकाळी डोळे उघडताच रात्रीतून आलेले पंचवीस संदेश पाहणारा माणूस नेमका याच्या उलट क्रमाने चालतो : आधी सगळे जण काय म्हणतात ते ऐकायचे आणि मग उरलेल्या मनाने प्रार्थनेला बसायचे.

म्हणून पहिला बदल अगदी साधा आणि भौतिक स्वरूपाचा असावा. मोबाइलचा चार्जर झोपण्याच्या खोलीतून बाहेर काढावा. गजरासाठी वेगळे घड्याळ घ्यावे, कारण गजर बंद करायला हातात घेतलेला फोन सहसा खाली ठेवला जात नाही. प्रार्थनेच्या जागी छापील बायबल, एक वही आणि पेन कायमची ठेवावीत. ज्यांच्यावर आजारी माणसाची किंवा रात्रपाळीची जबाबदारी आहे, त्यांना फोन पूर्णपणे बंद ठेवता येत नाही. त्यांनी डू नॉट डिस्टर्ब सुरू करून त्यात ठरावीक क्रमांकांचे कॉल तेवढे वाजतील अशी सोय करावी आणि फोन ऐकू येईल पण हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा. प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लावावे, असे येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे; त्या लावलेल्या दाराला आज एवढा अर्थ द्यायला हरकत नाही.

फोन बाहेर गेला तरी त्याची चुळबुळ काही दिवस मनात राहते. अमक्याला उत्तर द्यायचे राहिले, काल टाकलेल्या फोटोवर कोण काय म्हणाले असेल, असे विचार प्रार्थनेत हमखास येतात. त्यांच्याशी झगडत बसू नये. वहीच्या मागच्या पानावर दोन शब्दांत नोंद करावी आणि पुन्हा वचनाकडे वळावे. ही चुळबुळ मोबाइलने जन्माला घातलेली नाही, हे कळले म्हणजे थोडा धीर येतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या अरण्यात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने भर दुपारी कंटाळलेल्या संन्याशाचे वर्णन केले आहे. त्याला सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा भासतो, तो सारखा खिडकीकडे पाहतो आणि कोणी बंधू भेटायला येतो आहे का, म्हणून बाहेर डोकावतो. त्याच्या काळी खिडकी होती, आपल्या हातात मोबाइलचा पडदा आहे, एवढाच काय तो फरक. त्यावर एव्हाग्रियस आणि त्याच्या परंपरेतील इतरांनी सांगितलेला उपाय आजही लागू पडतो : आपली जागा सोडू नये. पंधरा मिनिटे ठरवली असतील तर पंधरा मिनिटे बसावे. मन रमले नाही तरी उठू नये, आणि छान रमले तरी पहिल्याच दिवशी तासभर बसण्याचा अट्टहास करू नये.

वाचनाची पद्धतही मुद्दाम निराळी ठेवावी लागते. पडद्यावर डोळ्यांना सतत पुढे सरकण्याचे वळण लागते आणि तेच वळण घेऊन आपण स्तोत्रेही वाचू लागतो. बाराव्या शतकातील गिगो या कार्थुसियन संन्यासीसंघातील मठाधिपतीने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात स्तब्ध राहणे. यासाठी पाच-सहा वचनांचा उतारा पुरेसा होतो. तो एकदा मोठ्याने आणि एकदा मनात वाचावा, एखाद्या वाक्यापाशी मन थांबले तर पुढे जाऊ नये, त्या वाक्याचीच प्रार्थना करावी आणि शेवटी काही क्षण काहीही न मागता बसावे. छापील प्रत नसेल किंवा अक्षर मोठे करण्याची गरज असेल, तर बायबलचे ॲप वापरण्यात गैर काही नाही. मजकूर आधी डाउनलोड करून घ्यावा आणि वाचताना एरोप्लेन मोड लावावा. काही ॲपमध्ये सलग किती दिवस वाचले त्याची मालिका दाखवली जाते. मालिका तुटू नये म्हणून रात्री बारा वाजायच्या आत घाईघाईने एक अध्याय उरकणे, हे शास्त्रवाचन आहे की खेळातले गुण जमवणे, याचा विचार करावा. माझ्या मते ती मोजणी बंद केलेलीच बरी.

संध्याकाळच्या प्रार्थनेबाबत सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमातील एक आज्ञा उपयोगी आहे. उपासनेची खूण ऐकू येताच हातात असेल ते काम तसेच सोडून निघावे, असे तेथे सांगितले आहे. हे पूर्ण करून येतो, ही सवलत त्यात नाही. ऑनलाइन संभाषण आणि अखंड सरकत राहणारी फीड यांना स्वतःचा असा शेवट नसल्यामुळे ती पूर्ण झाल्यावर उठण्याचा क्षण कधीच येत नाही. अर्धवट सोडण्याची तयारी असेल तरच प्रार्थनेची वेळ पाळली जाते.

काय दाखवावे आणि काय झाकावे

येथे अनेक प्रामाणिक विश्वासणाऱ्यांचा गोंधळ होतो, कारण डोंगरावरील प्रवचन या येशूच्या एकाच उपदेशात दोन सूचना आल्या आहेत. मत्तय ५:१६ मध्ये आपला प्रकाश लोकांसमोर पडू द्यावा असे सांगितले आहे, तर ६:१ मध्ये लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये असे म्हटले आहे. या दोन्हींतील फरक हेतूत आहे : पहिल्या वचनात लोक कृत्य पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करतात, दुसऱ्यात कर्त्याचे. पोस्ट टाकण्यापूर्वी स्वतःला विचारता येईल असा प्रश्न त्यातून निघतो. या पोस्टला एकाही माणसाने प्रतिसाद दिला नाही, तर मला वाईट वाटेल काय, आणि वाटलेच तर ते कोणासाठी?

सकाळच्या मननात जे मिळाले ते त्याच दिवशी पोस्ट न करण्याचा नियम काही आठवडे पाळून पाहावा. वचन वाचतानाच त्याचा फोटो कसा येईल, त्याखाली काय लिहावे, असे मनात सुरू झाले की वाचणारा माणूस नकळत सादरकर्ता होतो, आणि देवाशी चाललेल्या संभाषणात प्रेक्षक येऊन बसतात. मिळालेली गोष्ट आठवडाभर जवळ ठेवावी, शक्य तर तिच्याप्रमाणे एखादी कृती करावी, एखाद्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावे. त्यानंतरही ती सर्वांना सांगण्याजोगी वाटली तर अवश्य सांगावी. काही गोष्टी मात्र कधीच पोस्ट न करता फक्त पित्यापाशी राहू द्याव्यात. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून लाइकची संख्या लपवण्याची सोय आहे. साक्ष किंवा वचन पोस्ट करणाऱ्यांनी तिचा जरूर उपयोग करावा. मदतकार्याच्या फोटोंबाबत तर अधिक कठोर व्हावे. मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवून केलेले दान मत्तयाच्या सहाव्या अध्यायापुढे टिकत नाही, आणि मिळालेल्या वस्तूच्या बदल्यात त्या माणसाची प्रतिष्ठा आपण घेतो, हा अन्याय वेगळाच.

प्रार्थना-विनंत्यांचे ग्रुप हे ऑनलाइन संगतीचे सर्वांत मोलाचे रूप आहे, आणि सर्वांत निसरडेही. आजाराचे नाव, घरातील भांडण, कोणाची नोकरी गेल्याचे वृत्त, हे सारे प्रार्थनेसाठी म्हणून शंभर जणांच्या ग्रुपमध्ये पोहोचते आणि तेथून कोठेही जाते. विनंती टाकण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला विचारावे आणि तपशील तिने परवानगी दिली असेल तेवढाच लिहावा; देवाला आजाराचा अहवाल लागत नाही. विनंती वाचणाऱ्यांसाठीही एक साधी शिस्त आहे. हात जोडलेली इमोजी किंवा प्रार्थना करत आहोत असे शब्द पाठवण्याआधी तिथल्या तिथे, दोन वाक्यांची का होईना, प्रार्थना करावी. एरवी तो संदेश असत्य ठरतो, आणि ते असत्य आपण रोज कितीतरी वेळा बोलत असतो.

फॉरवर्ड आणि वाद

निर्गम २०:१६ मध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. मजकूर आपण लिहिला नाही, केवळ पुढे पाठवला, ही सबब तेथे चालणार नाही. पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेल्या संदेशावर व्हॉट्सॲप दुहेरी बाण दाखवते, आणि २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. दुहेरी बाण दिसला की तो खोटाच आहे असे नाही, पण तो थांबून तपासण्याचा इशारा जरूर आहे. ख्रिस्ती ग्रुपमध्ये दोन प्रकारचे संदेश विशेष फिरतात. इतक्या जणांना पाठवल्यास आशीर्वाद मिळेल, न पाठवल्यास संकट येईल, असे सांगणारे संदेश पहिल्या प्रकारचे. ते श्रद्धेची भाषा बोलत असले तरी आहेत अंधश्रद्धाच, आणि ते आपल्यापाशीच थांबवावेत. दुसरा प्रकार छळाच्या बातम्यांचा. ख्रिस्ती लोकांचा छळ अनेक ठिकाणी खरोखर होतो, म्हणूनच जुन्या किंवा भलत्याच घटनेचे फोटो त्या नावाने फिरवणे अधिक घातक ठरते. खोटे उघडे पडले की खऱ्या पीडितांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. तारीख, ठिकाण आणि मूळ वृत्त सापडले नाही तर संदेश पुढे पाठवू नये. आपण चुकीचे काही पाठवल्याचे लक्षात आले, तर केवळ ते पुसून न टाकता त्याच ग्रुपमध्ये तसे स्पष्ट लिहावे.

वादांच्या बाबतीत मत्तय १८:१५ मध्ये क्रमच ठरवून दिला आहे : अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जावे, मग एक-दोघांना सोबत घ्यावे आणि त्यानंतरच मंडळीला सांगावे. ऑनलाइन भांडणात हा क्रम उलटतो. सर्वांसमोर आधी बोलले जाते आणि एकांतात शेवटी, तेही कोणी मध्यस्थी केली तर. म्हणून ग्रुपमध्ये कोणाचे लिहिणे खटकले तर उत्तर तेथे न देता फोन करावा. बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरून किंवा संतांच्या मध्यस्थीवरून टिप्पण्यांतून कोणाचे मत पालटल्याचे मी तरी पाहिलेले नाही. समोरासमोर बसून मात्र माणसे एकमेकांची बाजू ऐकून घेतात. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर तसेच ठेवावे. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा या इफिसकरांस पत्रातील उपदेशाचा आधार घेऊन काही जण रात्री अकराला लांबलचक संदेश धाडतात. पण त्या वचनात राग आवरण्यास सांगितले आहे, संदेश पाठवण्यास नव्हे.

रविवार आणि प्रत्यक्ष संगती

योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लेखक म्हणतो की, पुष्कळ लिहायचे आहे, पण ते कागद व शाईने लिहिण्याची इच्छा नाही. तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलण्याची आशा आहे, म्हणजे आनंद पूर्ण होईल. पत्राला त्याने तुच्छ लेखले नाही, पण पूर्णही मानले नाही. थेट प्रक्षेपित उपासनेकडे याच दृष्टीने पाहावे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणि जवळपास मंडळीच नसलेल्यांसाठी ती खरी कृपा आहे. त्यांनी ती पाहताना शक्य असेल तेथे उठून उभे राहावे, गीत मोठ्याने गावे, दुसरी कोणतीही खिडकी उघडी ठेवू नये आणि आठवड्यातून एकदा तरी कोणी भेटीस यावे अशी विनंती पाळकांना किंवा धर्मगुरूंना निःसंकोच करावी. धडधाकट माणसाने मात्र सोयीखातर घरी बसणे इब्री लोकांस पत्र १०:२५ शी विसंगत आहे, कारण एकत्र जमण्याचा उद्देश तेथे परस्परांना बोध करणे हा सांगितला आहे, आणि पडद्यासमोरच्या प्रेक्षकाला कोणालाही बोध करता येत नाही. उपासनेला जाताना फोन पिशवीत ठेवावा, आणि उपासना संपल्यावर लगेच तो न काढता शेजारच्या माणसाची विचारपूस करावी.

घरातील मुलांसाठी वेगळे नियम करण्याआधी बायबलमधील अनुवाद या पुस्तकातील ६:७ हे वचन वाचावे. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी देवाच्या वचनांविषयी बोलावे, असे तेथे म्हटले आहे. नेमक्या याच चार वेळी आज आई-वडिलांच्या हातातही फोन असतो, त्यामुळे नियम आधी मोठ्यांना लागू करावा.

उपवासकाळात

पाश्चात्त्य परंपरेत राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. या काळात सोशल मीडिया सोडण्याचा संकल्प अनेक जण करतात आणि तो पोस्ट टाकून जाहीर करतात; आता ईस्टरनंतरच भेटू, असे त्याचे साधारण रूप असते. बेनेडिक्टने या काळासाठी मठवासियांना सांगितले होते की, प्रत्येकाने स्वतःहून काही अधिक अर्पण करावे, पण ते काय हे आपल्या मठाधिपतीला कळवावे. संमतीशिवाय केलेले व्रत अहंकारात जमा होईल. ही पद्धत आपल्याला सहज घेता येते. आपल्या संकल्पाची माहिती एका विश्वासू माणसाला द्यावी, ज्यांचे काम अडेल त्यांना खासगीत कळवावे आणि बाकीच्यांना काहीच सांगू नये.

सगळे एकदम सोडण्यापेक्षा निरीक्षणाच्या आठवड्यात ज्याची सत्ता सर्वाधिक जाणवली ते एक ॲप काढून टाकावे. मोकळ्या झालेल्या वेळेत काय करायचे हे आधीच लिहून ठेवावे, नाहीतर ती जागा दुसरे ॲप घेते. यशया ५८ मध्ये देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला अन्न वाटणे आणि निराश्रिताला घरात घेणे, असे सांगितले आहे. तेव्हा त्या वेळेतला काही भाग तरी एखाद्या एकट्या माणसाच्या भेटीसाठी राखावा. रविवारी सूट घ्यायची की नाही, हे राखेच्या बुधवारीच ठरवावे, ऐन मोहाच्या क्षणी नव्हे. काळ संपल्यावर ॲप परत घेण्यापूर्वी कोणती माणसे आठवली आणि कोणता मजकूर एकदाही आठवला नाही, याची यादी करावी. आठवलेल्या माणसांशी संबंध ठेवण्यास ते ॲप खरेच लागते का, हे त्या यादीवरून कळते.

रात्रीची तपासणी

लोयोलाच्या इग्नेशियसने १५४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनापद्धतीत दिवसाच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत : देवाचे आभार मानणे, आपली पापे ओळखण्यासाठी कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा घेणे, क्षमा मागणे आणि सुधारणेचा निश्चय करणे. आढाव्याच्या टप्प्यात प्रत्यक्ष दिवसाबरोबर ऑनलाइन दिवसही घ्यावा : कोणाला काय लिहिले, कोणाचे सुख पाहून मन आंबट झाले, कोणाचा संदेश मुद्दाम अनुत्तरित ठेवला, आणि कोणाच्या एका ओळीने धीर आला.

त्याच पद्धतीत एका विशिष्ट दोषासाठी वेगळी तपासणी सांगितली आहे. आठवड्यातील प्रत्येक दिवसासाठी वहीत रेघा आखायच्या, सकाळी त्या एकाच दोषाबाबत निश्चय करायचा, दुपारी आणि रात्री आठवून जितक्या वेळा चूक झाली तितक्या खुणा करायच्या, आणि मग दिवसाशी दिवस व आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. ऑनलाइन सवयींसाठी ही पद्धत फार नेमकी आहे, मात्र दोष एकच निवडावा : अंथरुणात फोन घेणे, किंवा तावातावाने टिप्पणी करणे, किंवा आपल्या पोस्टचे लाइक पुन्हा पुन्हा पाहणे. खुणा कमी होत असतील तर महिन्याभराने दुसरा दोष घ्यावा. त्या कमी होत नसतील, तर निश्चय आणखी कडक करण्यापेक्षा व्यवस्था बदलावी. चार्जर आणखी दूर न्यावा, ॲप काढून ते फक्त संगणकावर वापरावे, त्याची वेळमर्यादा घालून पासकोड जोडीदाराकडे द्यावा. एवढे करूनही फरक पडला नाही, किंवा सवय अश्लील मजकुराची, जुगाराची अथवा घरच्यांपासून लपवावी लागणारी असेल, तर ती वही घेऊन पाळकांकडे, धर्मगुरूंकडे किंवा समुपदेशकाकडे जावे आणि ते पान त्यांच्यासमोर उघडावे.